केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बनावट तिकीट: पैसे भरण्याआधी हे वाचा

महाशिवरात्रीला उखीमठहून केदारनाथची दारं कधी उघडणार ती तारीख जाहीर होते आणि मुंबईतल्या कितीतरी घरांत चारधामची बोलणी सुरू होतात. हरिद्वारपर्यंत गाडीने जायचं की डेहराडूनपर्यंत विमानाने, रजा कोणाला मिळेल, आईला चढ झेपेल का. फसवणारेही याच दिवसांची वाट बघत असतात. आमच्या घरचे 38,000 रुपये गेले आणि आईचं केदारनाथ राहिलं ते राहिलंच. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी मुद्द्याचं सांगते. केदारनाथला गुप्तकाशी, फाटा आणि सेरसी इथून हेलिकॉप्टर जातं. त्याची तिकिटं 2023 पासून आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात. मागणी प्रचंड, जागा थोड्या, त्यामुळे विक्री सुरू झाली की मे महिन्याची तिकिटं बघता बघता संपतात. ती संपल्यानंतर जो कोणी "माझ्याकडे आहेत" म्हणतो, त्याला एक रुपयाही देऊ नका. टंचाई खरी आहे, म्हणूनच त्याचं खोटं बोलणं पटतं.

आम्ही चौघं जाणार होतो: आई, काका, काकू आणि मी. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, त्यामुळे हेलिकॉप्टरशिवाय पर्याय नव्हता. 2025 च्या एप्रिलमध्ये तिकीटविक्री उघडली तेव्हा माझी पुतणी परळच्या घरी लॅपटॉप उघडून बसली होती, पण पान पुढे सरकेपर्यंत आमच्या तारखा संपल्या. संध्याकाळी काकांनी गूगलवर शोध घेतला. सगळ्यात वर जे संकेतस्थळ आलं त्याच्या नावात 'केदारनाथ'ही होतं आणि 'हेली'ही. मंदिराचा फोटो, सरकारी बोधचिन्हं, खाली हेल्पलाइनचा नंबर. ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. नाव आणि मोबाइल नंबर भरला आणि थोड्याच वेळात फोन आला.

काकांची सगळी नोकरी बँकेत गेली. कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करणारा हा माणूस नाही. पण त्या फोनवरच्या माणसाने जे विचारलं ते सगळं खरं होतं. आधी यात्रेच्या नोंदणीचा क्रमांक मागितला. हेलिकॉप्टरच्या तिकिटासाठी तो खरोखरच लागतो. मग म्हणाला, "बाबूजी, चारों का वजन बता दीजिए, अस्सी किलो से ऊपर का एक्स्ट्रा लगता है." हाही नियम खराच आहे. फाट्याहून जाऊन-येऊन अधिकृत भाडं त्या वर्षी सहा हजारांच्या जरा वर होतं, याने माणशी 6,500 सांगितले. दुप्पट सांगितले असते तर काकांनी तिथेच फोन ठेवला असता. ही माणसं खरी कार्यपद्धती अभ्यासून बसलेली असतात आणि त्यात फक्त एकच गोष्ट बदलतात: पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते.

पैसे यूपीआयने पाठवताना समोर कुठल्याशा ट्रेडर्सचं नाव दिसत होतं. काकांनी लगेच विचारलं. "हमारे पेमेंट पार्टनर हैं, सीझन में सबका इन्हीं के थ्रू जाता है." 26,000 गेले. दुसऱ्या दिवशी विम्याची अनामत म्हणून माणशी 3,000 मागितले, दर्शन झालं की परत. तेही भरले. मग तिसऱ्यांदा कसल्याशा कन्फर्मेशनचे पैसे मागितले तेव्हा काकांनी साफ नाही म्हटलं. त्यावर तो माणूस चिडला नाही की त्याने दमही दिला नाही. "कोई बात नहीं बाबूजी, टिकट भेज रहा हूँ" म्हणाला आणि खरोखरच व्हॉट्सॲपवर चार तिकिटं पाठवली. तिकिटं हातात आल्यावर कोण शंका घेणार?

तिकीट मी स्वतः पाहिलं होतं. नावं, वयं, वजनं, पीएनआर, सकाळी 7 ते 8 ची वेळ, खाली क्यूआर कोड. कोड मोबाइलने स्कॅन केला तर आमचीच चार नावं असलेलं पान उघडायचं. ते पानही त्यांनीच बनवलेलं होतं. आपण स्कॅन करून बघणार, हे धरूनच तो कोड तिथे छापला होता.

मेच्या अखेरीस आम्ही फाट्याला पोचलो. पहाटे कडाक्याची थंडी, काउंटरपुढे रांग. आईच्या हातात दादरच्या फुलबाजारातून आणलेला बेल होता, ओल्या फडक्यात गुंडाळून वाटभर जपलेला. काउंटरवरच्या मुलाने तिकीट एकदा पाहिलं आणि परत दिलं. "ये हमारा नहीं है, मैडम." त्याच्या आवाजात जराही आश्चर्य नव्हतं, हे माझ्या फार लक्षात राहिलं. आमच्या मागे एक गुजराती कुटुंब उभं होतं. त्यांचं तिकीट बघितलं तर वेळ वेगळी, नावं वेगळी आणि पीएनआर आमचाच. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

आईने विचारलं, "मग चालत किती आहे?" गौरीकुंडापासून साधारण 16 किलोमीटर, तोही चढ, आणि मंदिर 3,583 मीटरवर. घोडा-पालखीची चौकशी केली, पण तिच्या गुडघ्यांना घोड्यावरचे हादरे सोसणार नव्हते आणि तितक्या उंचीवर पालखीत तासन् तास बसायचीही तिची तयारी होईना. काका-काकू घोड्याने वर गेले. मी आईला त्रियुगीनारायणला नेलं, मग उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात, जिथे हिवाळ्यात केदारनाथाची पूजा होते. बेल तिने तिथे वाहिला.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या हेल्पलाइनवर फोन फाट्याहूनच केला. तक्रार नोंदवली गेली, घरी आल्यावर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कागद चढवले, पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. पण मध्ये कितीतरी आठवडे गेले होते. 1930 वर तक्रार गेली की ती थेट बँकांपर्यंत पोचते आणि पैसे पुढच्या खात्यात शिल्लक असतील तेवढे रोखून धरतात. आमचे पैसे आले त्याच दिवशी तिथून हलले होते. ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी जे संरक्षण आहे तेही इथे लागू होईना, कारण पिन काकांनी स्वतःच टाकला होता.

नातेवाइकांत जो तो काकांना म्हणाला, "तुम्ही बँकेतले, तुम्ही कसे फसलात?" असं कृपा करून कुणाला विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या धास्तीने माणसं घरात सांगत नाहीत, तक्रार करत नाहीत, आणि तोच नंबर पुढचं घर गाठतो. आमच्याच इमारतीत एका आजोबांनी मला नंतर हळूच सांगितलं की त्यांचेही असेच गेले होते. तेव्हाच बोलले असते तर आम्ही सावध झालो असतो.

पैशांपेक्षा मला आधार कार्डांची काळजी जास्त वाटली. तिकिटांसाठी म्हणून चौघांच्या आधारची चित्रंही त्या माणसाकडे गेली आहेत. म्हणून आम्ही चौघांचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर भलतंच सिमकार्ड निघालंय का ते तपासलं. यापुढे कुठेही प्रत द्यायची वेळ आली तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार देतो.

आणखी एक गल्लत लोक करतात. डेहराडूनच्या सहस्रधारा हेलिपॅडवरून चारधामची चार्टर सहल खासगी कंपन्या विकतात, ते बेकायदा नाही, पण त्याला माणशी लाखाच्या वर खर्च येतो. ठग विचारलं की म्हणतात, "आम्ही चार्टरवाले, आमचा कोटा वेगळा." सहा-साडेसहा हजारांत चार्टर नसतं. यात्रेची नोंदणीही मोफत आहे, उत्तराखंड सरकारच्या पोर्टलवर करा किंवा हरिद्वार-ऋषिकेशच्या काउंटरवर. तिचे पैसे मागणारा माणूस पुढे काय करणार ते ओळखा.

तुमच्याकडे कुणी दुसऱ्याने काढून दिलेलं हेलिकॉप्टरचं तिकीट असेल, तर ते ज्या लॉगिनने काढलं ते लॉगिन हेलियात्रावर तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बुकिंग तिथे दिसतंय का ते बघा. टाळाटाळ झाली तर मुंबईतूनच 1930 ला फोन लावा, निघायच्या दिवसाची वाट बघू नका.