एसडब्ल्यूआर १.१ दाखवून विकलेली अँटेना : हॅम मित्रांनो, हे वाचा

हँडीसाठी, म्हणजे हातात धरायच्या रेडिओसाठी, ऑनलाइन किंवा ग्रुपवरच्या कुणाकडून लांब अँटेना घेतली असेल, तर पुढचं वाचण्याआधी घरातला मल्टीमीटर काढा. तो ओहमवर ठेवा. एक टोक कनेक्टरच्या मधल्या पिनला लावा, दुसरं बाहेरच्या धातूच्या कड्याला. खऱ्या अँटेनात एकतर काहीच दिसणार नाही, नाहीतर जवळजवळ शून्य दिसेल. आतली मॅचिंगची कॉइल कड्याशी जोडली आहे की नाही, यावर ते अवलंबून असतं आणि दोन्ही प्रकार ठीक असतात. पण आकडा ५० च्या आसपास आला, तर ती अँटेना नाही. तो रेझिस्टर आहे, आणि त्याच्यावर काळी काडी बसवून दिली आहे.

आम्हा तिघा मित्रांना अशाच तीन मिळाल्या. प्रत्येकाचे सुमारे आठ हजार रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त राग याचा आहे की हे सामान डोंगरात माणसं शोधण्यासाठी घेतलं होतं, आणि विकणाऱ्याला ते माहीत होतं.

विक्रेता भेटला तो ट्रेकर आणि हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्या, मंडळींच्या एका फोनवरच्या ग्रुपमध्ये. बोलणं अगदी आपल्यातलं. प्रत्येकाला ‘ओएम’ (हॅम लोकांतलं ‘मित्रा’), निरोपाला ‘७३’ (शुभेच्छा), आणि नावापुढे व्हीयू-२ ने सुरू होणारा जुना कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं हवेवरचं नाव. त्यानं ‘एक्सपिडिशन किट’ म्हणून दोन वस्तू एकत्र विकायला काढल्या होत्या : दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर अशा दोन्ही बँडची (तरंगलांबीवरून ओळखले जाणारे हे हॅमचे दोन पट्टे) ४० सेंटिमीटर लांबीची अँटेना, आणि याएसू कंपनीच्या व्हीएक्स-८ या हँडीसाठी जीपीएस युनिट.

व्हीएक्स-८ ज्यांच्याकडे आहे त्यांना दुसऱ्या वस्तूचं मोल लगेच कळेल. या हँडीत एपीआरएस आहे, म्हणजे रेडिओ ठरावीक वेळानं आपलं ठिकाण छोट्या पॅकेटमधून हवेत सोडतो आणि खाली बेसवर बसलेल्याला नकाशावर टीम कुठं पोचली ते दिसतं. सह्याद्रीत मोबाइलची रेंज गेली की ही सोय फार मोलाची आहे. पण मूळ व्हीएक्स-८ मध्ये जीपीएस आत नाही. एफजीपीएस-२ नावाचं वेगळं युनिट एमएच-७४ए७ए या माइकवर किंवा सीटी-१३६ अडॅप्टरनं थेट रेडिओवर बसवावं लागतं. रेडिओचं उत्पादन बंद झालंय, युनिट सहज मिळत नाही. हातात चांगला रेडिओ आणि त्याचा एकच भाग मिळत नाही, अशी माणसं शोधूनच हा माणूस विकत होता.

आम्ही पुरावा मागितला. त्यानं दोन व्हिडिओ पाठवले. त्या व्हिडिओंत जे दिसत होतं ते खरंच घडत होतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पहिल्यात अँटेना मीटरला लावलेली होती. १३६ ते १७४ आणि ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ, कुठंही जा, एसडब्ल्यूआर १.१, म्हणजे जवळजवळ आदर्श. मीटर खोटा नव्हता. पण एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की पाठवलेल्या शक्तीतली किती परत आली. परत आली नाही म्हणजे ती हवेत गेली असं होत नाही, ती उष्णता होऊन जागच्या जागीही संपते. आपण रेडिओ तपासताना अँटेनाच्या जागी शक्ती जिरवणारा डमी लोड लावतो तो नेमका यासाठीच, आणि डमी लोडचा एसडब्ल्यूआर सगळीकडे सुंदरच असतो. खऱ्या दोन बँडच्या अँटेनाचा आलेख दोन ठिकाणी खाली उतरतो आणि बाजूला वर चढतो. सपाट रेघ दिसली की शंका घ्यायची. ‘किती कमी आहे’ यापेक्षा ‘कुठं वाढतो’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारा.

दुसऱ्या व्हिडिओत रेडिओला जीपीएस युनिट लावलेलं आणि पडद्यावर अक्षांश-रेखांश. हेही खरं. पण या रेडिओच्या एपीआरएस मेनूत आपलं ठिकाण हातानं भरण्याची सोय आहे. तिथं आकडे टाकले की ते पडद्यावर दिसतात, युनिट लावलेलं असो वा नसो. जीपीएस चालू असल्याची खूण म्हणजे बदल. माणूस चालायला लागला की वेग दिसतो, ठिकाणाचे शेवटचे आकडे हलतात, उंची थोडी वरखाली होते. स्थिर आकड्यांचा व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका.

सामान आलं. पॅकिंग व्यवस्थित, अँटेनावर नामांकित कंपनीचं नाव छापलेलं. घरातून गावातला रिपीटर (ऐकलेला आवाज पुन्हा लांबवर पाठवणारं उंचावरचं केंद्र) उघडत होता, कारण जवळचा रिपीटर जवळजवळ कशानंही उघडतो. खरी परीक्षा राजगडावर झाली. मी पद्मावती माचीवर होतो, एक मित्र सिंहगडावर. मध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर, समोर दिसणारा डोंगर, पाच वॅट. अशा जागी रेडिओबरोबर येणाऱ्या आखूड रबर डकवरही बोलणं स्वच्छ व्हायला हवं. नव्या अँटेनावर त्याला माझा आवाज खरखरीतून तुटक ऐकू येत होता. मी रबर डक लावली आणि त्याच जागेवरून, तितक्याच शक्तीनं, त्याच्या रेडिओवरचा सिग्नलचा मीटर पूर्ण भरला. पुन्हा लांब अँटेना लावून थोडं जास्त वेळ बोललो, तर तिचा बुंधा हाताला चांगला गरम लागला. पाच वॅट कुठं जात होते ते तिथंच कळलं.

विक्रेत्याला कळवल्यावर उत्तरं लगेच आली, आणि प्रत्येकात थोडं सत्य होतं. आधी म्हणाला, तुमच्या हँडीचा कनेक्टर नीट बसत नसेल. मग म्हणाला, हातातल्या अँटेनाला ग्राउंड प्लेन नसतं, म्हणून तुमची चाचणी चुकीची. ग्राउंड प्लेनचा मुद्दा खरा आहे. रेडिओचं शरीर आणि धरणाऱ्याचा हात हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो, आणि नुसती अँटेना नॅनोव्हीएनएला, म्हणजे अँटेनाचा असा आलेख काढणाऱ्या छोट्या यंत्राला, लावली तर आलेखाचे खड्डे सरकतात, उथळ होतात. पण ग्राउंड नसल्यामुळे आलेख बिघडतो. १०० पासून ५०० मेगाहर्ट्झपर्यंत सरळ रेघ होत नाही. आमच्या नॅनोव्हीएनएवर ती सरळ रेघच आली.

जीपीएसबद्दल सांगितलं की कोल्ड स्टार्टला, म्हणजे जुनी माहिती नसताना पहिल्यांदा सुरू व्हायला, वेळ लागतो, रात्रभर मोकळ्या आभाळाखाली ठेवा. आता हेही पाहा. जीपीएसच्या संपूर्ण अल्मनॅकला, म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या ढोबळ वेळापत्रकाला, १२.५ मिनिटं लागतात हे खरं. एका उपग्रहाची नेमकी कक्षा सांगणारा संदेश तर ३० सेकंदांत पुन्हा येतो. त्यामुळे मोकळ्या गच्चीवर, युनिटमधला चौकोनी पॅच (जीपीएसची अँटेना) आभाळाकडे करून पाव तास ठेवूनही युनिटला ठिकाण सापडलं नाही, तर रात्र घालवून काही होणार नाही. ही सगळी उत्तरं देण्यामागचा हेतू मात्र एकच होता : परतीची सात दिवसांची मुदत संपवायची. ती संपली आणि त्याच दिवशी तो ग्रुपमधून गेला.

तिघांपैकी एकाचा सेट आम्ही फोटो काढत उघडला. अँटेनाचं रबर ब्लेडनं कापल्यावर आत १०० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले, म्हणजे बरोबर ५० ओहम. वरची तार कशालाच जोडलेली नव्हती, नुसती गोंदात रोवलेली होती. जीपीएस युनिटमध्ये सिरॅमिकचा पॅच खरा होता, त्याच्यामागचा बोर्डही खरा होता, पण रिसीव्हरच्या चिपची जागा रिकामी. भंगारातून काढलेला बोर्ड असावा. उरलेले दोन सेट न उघडता ठेवले, तक्रारीसाठी.

ही साधी नक्कल नव्हती. नक्कल अँटेना बाजारात भरपूर आहेत. नागोया एनए-७७१ ची नक्कल तर जगभर विकली जाते, आणि त्यातल्या पुष्कळ वाईट असल्या तरी अँटेनाच असतात. इथं कुणीतरी हॅमला काय पटतं याचा विचार करून मीटरला फसवणारी वस्तू बनवली होती. ज्याला हे ज्ञान आहे त्यानं ते असं वापरावं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. यूपीआयवर ज्याच्या नावे पैसे गेले ते नाव गप्पांमधल्या नावाशी जुळत नव्हतं. तो म्हणाला होता, भावाचं खातं आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार दिली, पण खातं तोवर रिकामं झालं होतं. १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक आयोगाचा रस्ता तसा सोपा आहे : पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं. पण त्यासाठी समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. बिल नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? म्हणून वस्तूच्या व्हिडिओआधी बिल मागा.

हाच माणूस त्याच ग्रुपमध्ये ट्रेकर मुलांना ‘लायसन्स लागत नाही’ असं सांगून दोन मीटरच्या हँडी विकत होता, हे नंतर कळलं. आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलायला हौशी रेडिओचा परवाना लागतोच. परवान्याशिवायची छोट्या शक्तीची वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, आणि ती वेगळी वस्तू आहे. त्या मुलांना कुणीतरी हे सांगायला हवं.

आता अँटेना घ्यायचीच असेल तर आधी भौतिकशास्त्र बघा, जाहिरात नंतर. ३०० ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ ला ती दोन मीटरच्या थोडी वर, म्हणजे पाव लांबी साधारण ५० सेंटिमीटर. ४० सेंटिमीटरची काडी दोन मीटरवर पाव लांबीचीही नाही. ती रबर डकपेक्षा बरी असेल, स्पष्टपणे बरी असेल, पण तिच्यावर दोन मीटरसाठी ‘५.५ डीबी’ छापलं असेल तर ते खोटं आहे, कारण आदर्श अर्ध्या लांबीच्या डायपोलचाच (दोन सारख्या भागांच्या साध्या अँटेनाचा) गेन, म्हणजे एका दिशेला शक्ती एकवटण्याचं माप, २.१५ डीबीआय असतो. सत्तर सेंटिमीटरवर तीच काडी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा मोठी होते, तिथं थोडा फायदा खरोखर मिळू शकतो. डीबीआय (सगळीकडे सारखी शक्ती सोडणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) की डीबीडी (डायपोलच्या तुलनेत) हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

कनेक्टर बघून घ्या. बाओफेंगच्या बहुतेक हँडींवर पिन रेडिओकडे असते, याएसूच्या हँडींवर ती अँटेनाकडे. आणि लांब काडी कारवीच्या झुडपात अडकली की सगळा जोर हँडीवरच्या छोट्या एसएमए कनेक्टरवर येतो. बदलायला कठीण असा तोच भाग आधी तुटतो. चालताना आखूड अँटेना ठेवा, थांबून बोलायचं असेल तेव्हा लांब लावा.

फारसा खर्च न करता फरक हवा असेल तर टायगर टेल करून बघा. साधारण ४९ सेंटिमीटर लवचीक वायर घ्या, तिचं टोक कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याशी घट्ट जोडा आणि बाकीची खाली लोंबू द्या. मधल्या पिनला तिचा स्पर्श होऊ देऊ नका. दोन मीटरवर रबर डकलाही यानं सुधारणा होते, कारण रेडिओच्या छोट्या शरीराला जो दुसरा अर्धा भाग कमी पडतो तो मिळतो. जीपीएसच्या बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय : जुन्या रेडिओसाठी बाहेरचं युनिट शोधत फिरण्यापेक्षा ज्यात रिसीव्हर आतच आहे असा वापरलेला रेडिओ समोर बसून, मोकळ्या जागी, चालवून बघून घ्यावा.

आणि विकणारा हॅम असल्याचं सांगत असेल तर त्याला हवेवर बोलवा. गावच्या रिपीटरवर, सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळी हॅम हवेवर जमतात तिथं), कुठंही. आम्ही ज्याच्याशी व्यवहार केला त्याला कधीच कुणी ऐकलेलं नव्हतं. तो कॉलसाइन एका सायलेंट कीचा होता, काही वर्षांपूर्वी गेलेल्या एका ज्येष्ठ हॅमचा. त्यांच्या मुलाला आम्ही शोधून कळवलं. वडिलांचं नाव अशा कामासाठी वापरलं गेलं हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्यानं क्यूआरझेड या हॅमच्या कॉलसाइनची नोंद असलेल्या वेबसाइटवरच्या त्यांच्या पानावर ते हयात नसल्याची नोंद करून घेतली आणि आमच्या तक्रारीला स्वतःचं पत्रही जोडून दिलं. असा सेट आणखी कुणाकडे असेल तर तो कापू नका. मल्टीमीटरचा फोटो, व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि वस्तू जशीच्या तशी ठेवून आपल्या पोलीस ठाण्यात वेगळी तक्रार द्या.