स्टुटगार्टमध्ये घर मांडताना: एका रिलोकेशन सेवेचा अनुभव

माझे माहेर आणि सासर दोन्ही वसईचे. लग्नानंतर दीड वर्षाने माझ्या पतींना स्टुटगार्टमध्ये यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात नोकरी मिळाली आणि त्यांच्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने आमच्यासाठी तीन महिन्यांची रिलोकेशन सेवा घेऊन दिली. घर शोधणे, नगरपालिकेत पत्त्याची नोंद, बँक खाते, आरोग्य विमा आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयातील निवास परवाना इतक्या कामांत आमच्याबरोबर एक जर्मन प्रतिनिधी असेल, असे करारात म्हटले होते. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा सेवांच्या कामांची यादी सगळीकडे जवळपास हीच असते आणि मला जाणवलेली उणीव त्या यादीतच आहे.

आधी जे उत्तम झाले ते सांगते. घरशोधणीत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. भाड्याच्या जाहिरातीत दिसणारा ‘काल्टमीटे’ हा आकडा नुसत्या जागेचा असतो. पाणी, हीटिंग आणि इमारतीचा इतर खर्च मिळवल्यावर तो ‘वार्ममीटे’ होतो, आणि महिन्याचे गणित या दुसऱ्या आकड्यावर मांडायचे असते, हे प्रतिनिधीबाईंनी आम्ही निघण्यापूर्वीच फोनवर समजावले. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, हेही त्यांनीच सांगितले; एका घरमालकाने सगळी रक्कम एकदम मागितली तेव्हा त्यांनी अतिशय सौम्य शब्दांत, पण कलमाचा क्रमांक देऊन, त्याला पत्र लिहिले. स्वयंपाकघर या शब्दाचा इथे अर्थ अनेकदा चार भिंती आणि पाण्याची जोडणी एवढाच असतो, ओटा, कपाटे आणि सिंकसुद्धा आधीचा भाडेकरू उचलून नेतो, याची कल्पना नसती तर पहिली रात्र आम्ही बाथरूमच्या नळावर भांडी घासत काढली असती. त्यांनी स्वयंपाकघर बसवलेलेच घर मिळवून दिले. या भागातली ‘केरवोखे’ नावाची रीत, म्हणजे जिना आणि समोरचा पदपथ झाडण्याची आठवड्याची पाळी, त्यांनी इतक्या गांभीर्याने सांगितली की मला आमच्या चर्चच्या आवारातल्या साफसफाईच्या पाळ्या आठवल्या. बँक आणि विमा ही कामे एकेका दुपारी उरकली.

खरी गोष्ट सुरू होते ती पत्त्याच्या नोंदणीपासून. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ‘अनमेल्डुंग’ करावे लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते प्रतिनिधीबाईंनी आधीच मिळवून ठेवले होते. कार्यालयाच्या व्हरांड्यात आमच्या वतीने अर्ज भरताना, धर्माच्या चौकटीपाशी येताच, मान वर न करता, त्यांनी विचारले, “कॅथलिक की प्रोटेस्टंट?” आम्ही दोघांनी एकदमच “कॅथलिक” म्हटले. थोड्या अभिमानानेच म्हटले असावे, कारण भारतीय पासपोर्टावर पोर्तुगीज वळणाची आडनावे पाहून आत खिडकीवरच्या गृहस्थांनी आमचे मूळ पोर्तुगालचे का असे विचारले तेव्हा, 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकेपर्यंतचा इतिहास त्यांना ऐकवण्याचा मोह मला झाला होता.

पहिल्या पगाराच्या पावतीवर प्राप्तिकराखाली ‘किर्शेनस्टॉयर’ अशी आणखी एक वजावट दिसली. हा चर्चकर. जर्मनीत मान्यताप्राप्त चर्चना आपल्या सभासदांकडून कर घेण्याचा अधिकार 1919 च्या वायमार राज्यघटनेने दिला आणि आजच्या राज्यघटनेनेही तो कायम ठेवला. वसुलीचे काम सरकारचे करखाते करते. स्टुटगार्ट ज्यात येते ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या दोन राज्यांत तो आठ टक्के आणि इतर राज्यांत नऊ टक्के आहे. हे टक्के उत्पन्नाचे नसून प्राप्तिकराचे आहेत, आणि भारतीय मंडळींत याबद्दल मोठा गैरसमज आहे म्हणून स्पष्ट लिहिते: महिन्याचा प्राप्तिकर 600 युरो असेल तर इथला चर्चकर 48 युरो होतो. शिवाय वार्षिक विवरणपत्रात ही रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. यातले एक अक्षरही आम्हांला व्हरांड्यात सांगितले गेले नव्हते.

रकमेपेक्षा मला लागले ते पुढचे उत्तर. आम्ही ईमेलने विचारणा केली तेव्हा प्रतिनिधीबाईंनी दोन ओळींत कळवले की करविषयक सल्ला आमच्या पॅकेजमध्ये येत नाही. मात्र हवे असल्यास चर्च सोडण्याची नोंद नागरी कार्यालयात करता येते आणि त्यासाठी त्या वेळ ठरवून देतील. मोबाइलची जोडणी बंद करावी तसे हे वाक्य होते. जर्मनीच्या बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार अशा रीतीने बाहेर पडलेल्या कॅथलिकाला चर्चचे पवित्र संस्कार स्वीकारता येत नाहीत आणि कोणाचे धर्ममातापिताही होता येत नाही. कर वाचवण्यासाठी सही करून मोकळे होणाऱ्याला हे नंतर, बहुधा मुलाच्या स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी, कळायचे. पूर्ण माहिती देऊन विचारले असते तरी आम्ही त्याच चौकटीत खूण केली असती. वसईत आम्ही वर्षाची वर्गणी पाकिटात घालून देत आलो, इथे ती पगारातून जाते, एवढाच फरक. पण स्वतःहून दिलेली वर्गणी आणि न कळत कापली गेलेली रक्कम या दोन गोष्टी एक नाहीत, आणि ही चौकट भरून घेणाऱ्या व्यक्तीने तिचा अर्थ सांगणे हे तिच्या कामातच येते.

दुसरी तक्रार माझी स्वतःची आहे. हे पॅकेज कर्मचाऱ्यासाठी असते, त्याच्या पत्नीसाठी नव्हे. प्रत्येक ईमेल पतींच्या नावाने आली, आणि घंटेवर व टपालपेटीवर फक्त त्यांचेच आडनाव लावले गेले. मी लग्नानंतर आडनाव बदललेले नाही. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि माझा करक्रमांक आणि विम्याचे कार्ड तसेच परत गेले. तीन आठवडे मी कागदोपत्री या देशात होते आणि टपालासाठी नव्हते.

त्यावरचा उपाय मिळाला चर्चमध्ये. आमच्या वस्तीतल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) कॉफी असते. तिथे एक वयस्कर मल्याळी बाई भेटल्या, सत्तरच्या दशकात केरळमधून नर्स म्हणून आलेल्या शेकडो मुलींपैकी एक. त्यांनी माझे दोन्ही हात धरून पहिला प्रश्न विचारला तो पेटीवर माझे नाव आहे का हा. दुसऱ्या दिवशी मी कागदावर नाव लिहून चिकटवले. त्यानंतर आठवडाभरात माझ्या नावाने आलेले पहिले पत्र धर्मग्रामाचे होते: नगरपालिकेने नोंदणीची माहिती चर्चला कळवली होती, आणि फादरांनी आम्हां दोघांची नावे शाईने लिहून आमचे स्वागत केले होते. व्हरांड्यातल्या त्याच चौकटीचा हा दुसरा परिणाम होता. त्या बाईंकडूनच मला भाषेच्या वर्गाचा पत्ता, कढीपत्ता मिळणारे तमिळ दुकान आणि रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकू नयेत ही सूचना मिळाली. सुटकेसमधून आणलेल्या सुकेळ्यांचे, म्हणजे वसईच्या सुकवलेल्या केळ्यांचे, अर्धे पुडके मी त्यांना दिले.

ज्यांची कंपनी अशी सेवा देऊ करते त्यांनी ती जरूर घ्यावी. घर शोधण्याचा आणि कायदेशीर पत्रव्यवहाराचा भार ती खरोखर उचलते. स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे असतील तर फक्त घरशोधणीचा भाग घ्यावा, कारण बाकीची कामे थोड्या धीराने स्वतः करता येतात. ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र नोंदणीच्या आधी धर्माच्या रकान्याबद्दल आणि पेटीवरच्या नावांबद्दल लेखी विचारणा करावी. कराराच्या शेवटी संस्थेने पाच ताऱ्यांपैकी गुण मागितले. मी तीन दिले आणि शेऱ्यात लिहिले की यादीत या दोन गोष्टींची भर घालावी. पोच म्हणून एक छापील मजकूर आला, पुन्हा माझ्या पतींच्या नावाने.