सायलेन्सरचे बोल्ट: स्टेनलेस की ८.८ ग्रेडचे साधे?

सायलेन्सरच्या फ्लँजचे (पाइपांच्या जोडावरच्या चकतीचे) गंजलेले बोल्ट कापून काढले की नवे कोणते घालायचे, हा प्रश्न येतोच. दुकानात दोन पर्याय मिळतात: झिंक प्लेटिंगचे (जस्ताचा मुलामा दिलेले) साध्या पोलादाचे ८.८, आणि ३०४ जातीचं स्टेनलेस (बोल्टवरचा ग्रेड ए२-७०).

गंज: झिंक ४२० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे इंजिनजवळ ते टिकत नाही आणि उघडं पोलाद गंजतं. स्टेनलेस इथे सरळ जिंकतं. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत मात्र ३०४ वरही तपकिरी डाग पडतात. तिथे ३१६ जातीचं स्टेनलेस घ्या.

ताकद आणि पकड: ८.८ ची ताण सोसण्याची क्षमता ८०० मेगापास्कल, ए२-७० ची ७००. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्टेनलेस तापल्यावर साध्या पोलादापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावतं. म्हणून पोलादी फ्लँजवर ते गरम असताना थोडं सैल पडतं, आणि गॅस्केट (जोडातली सील) फुंकू लागतं, म्हणजे तिथून धूर गळतो.

पुन्हा खोलणं: स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा, वेगात आवळला तर आटे एकमेकांत चिकटतात, मग कापण्याशिवाय इलाज नाही. निकेलचं अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, हाताच्या पान्याने सावकाश आवळा. ८.८ वर तांब्याचा मुलामा दिलेला नट बसवला तर तो सहसा सुटतो.

किंमत: स्टेनलेस महाग, पण लागतात मोजकेच.

मागच्या पाइपचे क्लँप, मफलरचे जोड: स्टेनलेस. डाउनपाइपचा (मॅनिफोल्डला जोडलेल्या पहिल्या पाइपचा) फ्लँज: ८.८ किंवा त्याहून मजबूत १०.९, तांब्याच्या मुलाम्याच्या नटासह. मॅनिफोल्डचे (इंजिनमधला धूर गोळा करणाऱ्या भागाचे) स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, कंपनीच्या पार्ट नंबरचेच घ्या. हलत्या जोडावरचे स्प्रिंगचे बोल्ट स्प्रिंगसकट बदला. तिथे साधा बोल्ट घट्ट आवळला तर जोड हलत नाही आणि पाइपला तडा जातो.