नाथसागरच्या गाळात दोन उन्हाळे वापरलेले गमबूट

2019 च्या एप्रिलमध्ये पैठणच्या बाजारात 480 रुपयांना घेतलेली जोडी. काळे पीव्हीसीचे गमबूट, नऊ नंबर, गुडघ्याच्या चार बोटं खाली येणारे. शिक्का कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण सांगायचंय ते या जातीच्या बुटांबद्दल आणि आमच्या गाळाबद्दल.

माझे वडील इंजिनमेस्त्री. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठावरच्या मळ्यांमध्ये ते विहिरींवर डिझेल इंजिनं बसवून द्यायचे. 1976 साली जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं (नाथसागर हा त्याचाच जलाशय) तोवर गंगापूर तालुक्यातलं आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं. घरात आजही ‘गाव’ म्हटलं की पाण्यातलंच. आम्ही राहतो ते नवं गाव. धरणाचा एकूण साठा 102 टीएमसीच्या आसपास, त्यातला 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्यात सोडता न येणारं तळचं पाणी. पसारा मोठा आणि उथळ, त्यामुळं पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर आत सरकतो. 2019 च्या उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेलं तेव्हा मी हे बूट घालून पहिल्यांदा गावात चालत गेलो.

आधी दोन-तीन शेतं भेगाळलेली, गाळपेऱ्यातल्या हरभऱ्याची खुंटं उभी असलेली. इथं बुटांची गरज नाही, उलट पाय उकडतात. आत अस्तर नाही, जाड सुती मोजे घालाच. पुढं काळ्या मातीचा गाळ सुरू होतो. वर वाळलेला पापुद्रा, खाली लोण्यासारखं. पाय नडगीपर्यंत जातो आणि उचलायला गेलं की तळाखाली हवाच शिरत नाही. बूट जागेवर राहतो, पाय मोजासकट बाहेर येतो. माझं दोनदा तसं झालं. जाळी आवरत बसलेल्या एका भोई मामांनी लांबून ओरडून सांगितलं, “मास्तर, सरळ वडू नगा! टाच तिरपी करा, वारं जाऊ द्या खाली!” तेव्हापासून पाय फिरवून, बाजूनं हवा आत घेऊन मगच उचलतो. म्हणून बूट घेताना ‘एक नंबर मोठा घ्या’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मोज्यासकट घट्ट बसणाराच घ्या. मापाचा बूट गाळात पायातून सहजासहजी सुटत नाही.

तळाचे खाचे खोल आहेत, ओल्या दगडी पायऱ्यांवर पाय धरून राहतो. शिंपल्यांच्या धारेला तळ पुरून उरला. वेड्या बाभळीच्या काट्याला मात्र नाही. डाव्या बुटाच्या बाजूतून काटा आरपार गेला. सायकलच्या पंक्चरचा तुकडा लावला होता, तो पीव्हीसीवर टिकला नाही.

आता ज्यासाठी गेलो होतो ते. गावाच्या खालच्या अंगाला एक विहीर उघडी पडली होती. एका बाजूला बैलांनी ओढायच्या मोटेचं पाणी जिथं ओतलं जायचं ते दगडी थारोळं, त्यामागं बैलांच्या धावेचा उतार, आणि त्याला लागूनच इंजिनाचा ओटा. ओट्यात चार बोल्ट उभे, गंजून बोराएवढे फुगलेले. खाली विहिरीत उतरलेला बिडाचा पाइप, त्याची फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, अजून शाबूत. मोट आणि इंजिन, दोन्ही एकाच काठावर. किती वेळ तिथं उभा होतो ते आठवत नाही.

टेप न्यायचं सुचलं नव्हतं. एक बूट काढला, ओट्यावर बोल्टांच्या शेजारी ठेवला आणि फोटो काढले. पाइपाशेजारी तसाच, थारोळ्यात तसाच. घरी आल्यावर वडिलांनी फोटो पाहिला, मग तो बूट मागितला. धुतलेला बूट फरशीवर ठेवून खडूनं चार बोल्ट आखले, वितीनं मोजले आणि म्हणाले, “पाच हॉर्सपॉवरचं असावं. ह्याचा पाया घेताना चुना कमी पडलेला.” कुणाच्या मळ्यातलं, कोणत्या बाजूनं पाटाला पाणी सुटायचं, सगळं सांगितलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलंय.

तिथली एकही वस्तू मी उचलून आणली नाही. 1986 पासून जलाशय पक्षी अभयारण्य आहे, आणि ते लोखंड जिथं आहे तिथंच त्याला अर्थ आहे. सगळे असं मानत नाहीत. 2024 च्या मे महिन्यात जिवंत साठा पुन्हा एक अंकी टक्क्यांवर आला, मी पुन्हा गेलो. ओटा होता, थारोळं होतं. पाइप फ्लँजच्या खालून कापून नेलेला. काप अजून चकचकीत होता. फार वाईट वाटलं.

बूट त्याच फेरीत संपले. मधली पाच वर्षं माळ्यावर पत्र्याखाली पडून पीव्हीसी ताठ झालं होतं. घोट्याच्या घडीवर दोन्ही बुटांना चीर गेली आणि पाणी आत आलं. ठेवायचेच असतील तर धुवून, सावलीत वाळवून, आत कागद कोंबून उभे ठेवा. पत्र्याखालची उष्णता यांना सोसत नाही. रबराचे बूट मऊ असतात, पण जड. या गाळात दोन किलोमीटर चालायचं तर मी पुन्हा पीव्हीसीच घेईन. 480 रुपयांत दोन उन्हाळे मिळाले, तक्रार नाही.

नवी जोडी घेताना दुकानात जुना बूट सोबत नेला. तळाला तळ लावून लांबी जुळवली, तेव्हाच पैसे दिले. वडिलांच्या वहीत थारोळ्याची लांबी ‘सव्वातीन बूट’ अशी लिहिलेली आहे आणि अजून दोन विहिरी मोजायच्या राहिल्यात.