ब्रिटनमधील छोट्या मालकाने रजेचा पगार कायद्यापुरता द्यावा की जास्त?

ब्रिटनमध्ये आजारपणाच्या वैधानिक पगाराचे नियम ६ एप्रिल २०२६ पासून बदलले आहेत. त्यामुळे आठ-दहा माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकाला ठरवावे लागते, की कायदा सांगतो तेवढेच द्यावे की त्यावर स्वतःची भर घालावी. आजारपण, बाळंतपण आणि पितृत्व या तिन्ही रजांना एकच उत्तर लागू पडत नाही, कारण बाळंतपणाची आणि पितृत्वाची वैधानिक रक्कम सरकार मालकाला परत करते, आजारपणाची मात्र करत नाही.

आजारपणात पूर्वी कामाचे पहिले तीन दिवस बिनपगारी जात, आणि ज्याची सरासरी कमाई आठवड्याला १२५ पौंडांहून कमी, त्याला काहीच मिळत नसे. आता दोन्ही अटी गेल्या आहेत. पहिल्या दिवसापासून, आठवड्याला १२३.२५ पौंड किंवा सरासरी कमाईच्या ८० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, जास्तीत जास्त २८ आठवडे द्यावी लागते. आठवड्याला ५०० पौंड मिळवणारा, पाच दिवस काम करणारा माणूस तीन दिवस आजारी पडला, तर पूर्वी त्याला काहीच मिळत नव्हते, आता ७३.९५ पौंड मिळतात. पूर्ण पगार द्यायचा तर मालकाला आणखी सव्वादोनशे पौंडांवर घालावे लागतील. याउलट आठवड्याला १०० पौंड मिळवणाऱ्या अर्धवेळ कामगाराला कायद्यानेच ८० पौंड मिळतात आणि भर उरते फक्त २० पौंडांची. अंगात ताप असताना स्वयंपाकघरात किंवा वृद्धाश्रमात कामावर येण्याची पाळी बहुधा याच माणसांवर येते, म्हणून निदान त्यांच्यासाठी ही भर घालावी, असे मला मनापासून वाटते. बाकीच्यांसाठी वर्षाला ठरावीक दिवसांची मर्यादा घालणे शहाणपणाचे.

पितृत्व रजेचा खर्च आधी कळतो आणि दोन आठवड्यांत संपतो. वैधानिक दर आठवड्याला १९४.३२ पौंड किंवा कमाईच्या ९० टक्के, यांतील कमी असलेला. आठवड्याला ५०० पौंड मिळवणाऱ्या कामगाराला दोन आठवडे पूर्ण पगार द्यायचा, तर भर ६११.३६ पौंड होते. वैधानिक भाग मोठ्या मालकाला ९२ टक्के परत मिळतो; आदल्या करवर्षात राष्ट्रीय विम्याचा (पगारावर सरकारकडे भरायच्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचा) भरणा ४५,००० पौंडांपर्यंत असलेल्या छोट्या मालकाला तो पूर्ण, शिवाय वर थोडी भरपाई मिळते. एक फरक नीट ध्यानात घ्यावा: रजेचा हक्क आता नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, पण पगारासाठी २६ आठवडे नोकरीची अट कायम आहे. नव्याने लागलेल्या बापाला पगार दिला, तर तो सगळा मालकाच्या खिशातून जातो.

बाळंतपणात ३९ आठवडे पगार मिळतो: पहिले सहा आठवडे कमाईच्या ९० टक्के आणि नंतरचे ३३ आठवडे पितृत्व रजेच्याच दराने. पहिले सहा आठवडे पूर्ण पगारावर नेण्यास ५०० पौंडवालीसाठी अवघे ३०० पौंड लागतात. पुढचे सहाही तसेच करायचे, तर आणखी १,८३४ पौंड. पैसा मर्यादित असेल, तर पहिल्या सहा आठवड्यांची भर आणि पितृत्वाची भर आधी द्यावी.

भर एकदा नोकरीच्या करारात लिहिली, की मालकाला ती एकतर्फी मागे घेता येत नाही. त्यामुळे कोणाला, किती नोकरीनंतर आणि किती आठवडे, हे जाहीर करण्यापूर्वीच लिहून काढावे.