गाणं ऐकायचंय की संध्याकाळ घालवायचीय? गायक-गीतकारांना छोट्या जागी ऐकण्याचे पर्याय

स्वतः लिहून, स्वतःच चाल लावून, एक गिटार नाहीतर पियानो घेऊन गाणारा कलाकार ऐकायला जायचं म्हटलं की लोक आधी कलाकार निवडतात आणि तो जिथे गात असेल तिथे जातात. मी आधी जागा बघतो. नाचायचं गाणं गोंगाटातही निभावून जातं. इथे तिसऱ्या कडव्यातली एक ओळ कानावरून गेली की अख्खं गाणं हातचं जातं. म्हणून तिकीट काढण्याआधी एवढं शोधून काढावं: त्या जागी बाकीचे लोक कशासाठी येतात, ऐकायला की एकमेकांना भेटायला? खोली किती मोठी आहे, कलाकाराचं नाव किती मोठं आहे, हे सगळं त्यानंतर.

फक्त ऐकण्यासाठीची खोली

खुर्च्या मांडलेल्या, दिवे मंद केलेले आणि गाणं चालू असताना कोणी बोलत नाही, अशी जागा. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं ब्लूबर्ड कॅफे. १९८२ साली दुकानांच्या रांगेतल्या एका साध्या गाळ्यात ते सुरू झालं, आणि आजही तिथे जेमतेम ९० लोक बसतात. गाणं चालू असताना बोलणाऱ्याला तिथे सरळ ‘शूऽऽ’ केलं जातं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

१९८५ पासून तिथे ‘इन द राउंड’ हा प्रकार रुळला. तीन-चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. गंमत अशी की यातले बरेच जण पडद्यामागचे असतात. त्यांची गाणी बड्या गायकांनी गाजवलेली असतात, आणि इथे तेच गाणं लिहिणाऱ्याच्या तोंडून ऐकू येतं: लय उतरलेली, आवाज थोडा खरबरीत, आणि आधी दोन मिनिटं ते कसं सुचलं त्याची हकीकत. ती हकीकत बहुतेक वेळा तारा जुळवता जुळवता सांगितली जाते. एक हात खुंटीवर, नजर कॅपोकडे (गिटारच्या तारांवर लावायचा चिमटा), आणि तोंडाने गोष्ट चालू. मध्येच शेजारचा गीतकार न सांगता दोन सूर मिसळतो आणि सगळे त्याच्याकडे बघून हसतात. मोठ्या कार्यक्रमात असलं काही घडायला जागाच नसते.

तोटेही आहेत. चौघांच्या पाळीत तुमच्या आवडत्या माणसाच्या वाट्याला पाच-सहा गाणी येतात. केवळ त्याच्यासाठी गेलात तर पोट भरणार नाही. अशा वेळी त्याचा एकट्याचा कार्यक्रम गाठावा. दुसरं म्हणजे, सोबतच्या माणसाशी बोलता येत नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला अशा ठिकाणी नेणं म्हणजे दोघांनाही शिक्षा.

कॅफे किंवा बारचा कोपरा

हा सर्वांत सोयीचा पर्याय. प्रवेश पुष्कळदा फुकट, हवं तेव्हा यावं, नाही आवडलं तर उठून जावं. नव्या माणसाला चाखून बघायला उत्तम. पण इथे ऐकलेल्यावरून कलाकाराबद्दल मत बनवू नये. गलक्यात गाणारा माणूस आपली यादी बदलतो: जलद गाणी, लोकांच्या ओळखीची दुसऱ्यांची गाणी, मोठ्या पट्टीतली गाणी. हळू, नवं, जपून म्हणायचं गाणं तो त्या दिवशी बाहेरच काढत नाही. आणि काढलंच, तर नेमक्या हळव्या ओळीला कॉफी दळायचं यंत्र सुरू होतं. मुरलेला गायक अशा वेळी तीच तार छेडत थांबतो, यंत्राकडे बघून मान डोलावतो आणि ते बंद झालं की ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतो. नवखा असेल तर तशीच रेटून नेतो.

जायचंच तर लवकर जावं आणि स्पीकरच्या समोर बसावं. काउंटरजवळची खुर्ची रिकामी दिसते, ती का रिकामी आहे हे दहा मिनिटांत कळतं.

उभ्याने ऐकायचे क्लब

खोली आणि मोठं सभागृह यांच्या मधली ही पायरी. लॉस एंजेलिसचं ट्रूबाडोर १९५७ साली कॉफी हाउस म्हणून सुरू झालं. एल्टन जॉनचा अमेरिकेतला पहिला कार्यक्रम इथेच झाला, २५ ऑगस्ट १९७० रोजी. त्याच वर्षी कॅरोल किंग आणि जेम्स टेलर या अमेरिकन गायक-गीतकारांनीही हे व्यासपीठ गाजवलं. आज तिथे सुमारे ५०० माणसं मावतात, आणि बहुतेक उभीच असतात.

अशा क्लबात कलाकार सहसा बँड घेऊन येतो. उत्साह भरपूर, पण शब्द ड्रममध्ये बुडतात, म्हणून गाणी आधीपासून पाठ असतील तरच इथे खरी मजा. आवाजाचंही भान ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि लहान खोलीत स्पीकरला खेटून उभं राहिलं तर ती गाठायला वेळ लागत नाही. कानात घालायचे बोळे खिशात असावेत.

मोठ्या मैदानाशी तुलना करायची तर एकच गोष्ट पुरे. आवाजाला एक मीटर कापायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. शंभर मीटर मागे उभं असलं की पडद्यावर ओठ आधी हलतात आणि सूर साधारण ०.३ सेकंदाने येतो. गाण्यातला श्वासही ऐकू यावा अशी अपेक्षा असेल, तर ती तिथे पुरी होणार नाही.

कोणाच्या तरी घरी

वीस-तीस माणसं, बैठकीची खोली, आणि बहुधा माइकही नाही. आवाज गळ्यातून आणि गिटारच्या लाकडातून थेट येतो; ज्याने हे एकदा अनुभवलं त्याला स्पीकरमधली गिटार काही दिवस खोटी वाटते. अशा घरगुती कार्यक्रमांत जमलेले पैसे बहुतेक करून सगळेच्या सगळे कलाकाराला देण्याची पद्धत आहे. क्लबात त्याला ठरलेली रक्कम किंवा तिकिटांतला हिस्सा मिळतो, आणि जागेचा, ध्वनियंत्रणेचा खर्च कधी कधी आधीच वळता होतो. आपला पैसा गाणाऱ्यापर्यंत पोहोचावा असं वाटत असेल तर हा मुद्दा जड आहे.

अडचण एकच, पण मोठी: मध्यंतरापर्यंत सुटका नाही. पहिल्या रांगेत, गायकापासून दोन हातांवर बसून जांभई आवरणं हे कौशल्याचं काम आहे. म्हणून ज्याची गाणी आधी ऐकून आवडली आहेत त्याच्यासाठीच घरगुती मैफल निवडावी. २००९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या, असे छोटे कार्यक्रम भरवणाऱ्या सोफार साउंड्स या संस्थेने याला वेगळं वळण दिलं. तिथे कोण गाणार हे आधी सांगत नाहीत आणि साधारण तीन कलाकार थोडा थोडा वेळ गातात, त्यामुळे एक नाही पटला तर दुसरा येतोच.

ओपन माइकबद्दल, म्हणजे कोणीही नाव देऊन गाऊ शकतो अशा कार्यक्रमाबद्दल, फार लिहीत नाही. स्वतः लिहीत असाल तर जरूर जा. केवळ श्रोता म्हणून गेलात तर एखाद्या चांगल्या गाण्यासाठी बरंच काही सोसावं लागतं.

तिकीट काढण्यापूर्वी

चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बसायची सोय आहे का? कलाकार एकटा आहे की बँडसह? लिहिलेली वेळ दार उघडण्याची आहे की गाणं सुरू होण्याची? (दोन्हींत तासाभराचा फरक सहज असतो.) आणि आधी कोण गाणार आहे? हा आधीचा गायक चुकवू नये. मुख्य कलाकाराने पुष्कळदा त्याला स्वतः निवडलेलं असतं, आणि गर्दी जमण्याआधी खोली सर्वांत शांत असते ती त्याच्याच वेळी.

समजा एकच कलाकार शुक्रवारी बारमध्ये आणि रविवारी बसून ऐकायच्या खोलीत गाणार आहे. रविवार घ्या, शेवटची रांग मिळाली तरी. सोबत येणाऱ्याला गाण्याचं फारसं काही नसेल, तर मात्र त्याच्याबरोबर शुक्रवारीच जा आणि रविवारचं तिकीट आपल्या एकट्यापुरतं काढा.