भिशीला हाउजी की ७५ चा बिंगो?

सोलापुरातल्या भिशीत हा वाद नेहमीचा. हाउजीच्या तिकिटावर ३ ओळी, ९ रकाने, १५ आकडे. पुकारा १ ते ९०. बिंगोत ५ बाय ५ चौकट, २४ आकडे, मधलं घर फुकट; पुकारा ७५ पर्यंत.

हाउजीत बक्षिसं वाटली जातात: अर्ली फाइव्ह (कुठलेही पहिले पाच आकडे), तीन लाइनी, फोर कॉर्नर्स, फुल हाउस (सगळे पंधरा). कॉर्नर म्हणजे वरच्या-खालच्या ओळीतला पहिला नि शेवटचा आकडा, कोपऱ्यातलं रिकामं घर नव्हे. भांडणं इथंच होतात. खोटा दावा केला की बोगी, तिकीट बाद. 'एकोणसत्तर' ऐकून कुणीतरी एकोणऐंशी खोडतंच, म्हणून 'सहा नऊ' असंही पुकारा.

बिंगोत पाच रकान्यांवर बी-आय-एन-जी-ओ ही अक्षरं; 'जी ५२' म्हटलं की जीचा एकच रकाना बघायचा. आडवी, उभी, तिरपी ओळ भरली, डाव संपला.

चादरीपासून चमच्यापर्यंत बक्षिसं असतील तर हाउजी. लहान मुलं नि वेळ थोडा, तर बिंगो.